दार उघडेपर्यंत

मिशनरी हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरा झगा, छातीवर रुळणारी दाढी, हातात क्रूस आणि सभोवार कुतूहलाने पाहणारी रानातली माणसे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही लहानपणी असेच चित्र पाहिले आणि त्यावर मनापासून प्रेम केले. ते चित्र खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते काढताना भोवतालच्या त्या माणसांस कोणी काही विचारले नव्हते, एवढे खरे. ह्या गोष्टीकडे लक्ष वेधणारा एक अनुबोधपट अलीकडे आमच्या पाहण्यात आला. तो पाहून झाल्यावर जी चर्चा झाली ती आपल्या कुटुंबांपुढे ठेवावी असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

चर्चा झाली ती लोधीखेडे येथे. नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावर, सौंसरजवळ, जाम नदीच्या काठी हे गाव आहे. एके काळी येथील तांब्यापितळेची भांडी दूरवर जात असत. आता सभोवती संत्र्यांचे मळे दिसतात. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे येथील माणूस घरात मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदी. २०२३ पासून हा भाग नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. येथील दोनचार ख्रिस्ती कुटुंबांस भेटावयास आम्ही गेलो असता एका घरी आठदहा तरुण मंडळी जमली होती. त्यांनीच हा अनुबोधपट मिळवून ठेवला होता. भाषा इंग्रजी, म्हणून घरातील वृद्ध आजीबाईंस त्यांचा नातू शेजारी बसून मराठीत सांगत होता.

अनुबोधपटाचे नाव ‘द मिशन’. अमांडा मॅकबेन आणि जेसी मॉस ह्या दोघांनी तो नॅशनल जिऑग्राफिकसाठी २०२३ साली तयार केला. दक्षिण अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरूंवर १९८६ साली ह्याच नावाचा एक बोलपट निघाला होता. त्याच्याशी ह्याची गल्लत होऊ नये. तो कल्पित कथेवर उभा होता, आणि हा घडलेल्या घटनेवर आहे. जॉन ॲलन चाऊ नावाचा एक अमेरिकन तरुण नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानातील उत्तर सेंटिनल ह्या बेटावर ख्रिस्ताचे नाव सांगावयास गेला आणि तेथील लोकांच्या हातून मारला गेला. त्या वेळी त्याचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

आमच्या वाचकांपैकी काहींना ही बातमी आठवत असेल. त्या वेळी जगभर त्या तरुणाची थट्टा झाली, ती आम्हांस रुचली नव्हती. अनुबोधपटात मात्र थट्टा नाही. त्याची दैनंदिनी, त्याची पत्रे, त्याच्या मित्रांच्या आठवणी आणि रेखाटलेली हलती चित्रे ह्यांच्या आधारे त्याचे आयुष्य उलगडून दाखविले आहे. लहानपणापासून साहसाच्या गोष्टींचे वेड. डोंगर चढण्याची आणि वनात भटकण्याची हौस. आणि पुढे ह्या एका बेटाचा ध्यास. त्याने प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले. मिशनरी संस्थेत सराव केला. त्या सरावात संस्थेचेच लोक खोटे भाले घेऊन अनोळखी गावकऱ्यांचे सोंग घेत. आपल्यापासून बेटावरच्यांना रोग लागू नये म्हणून लसी टोचून घेतल्या आणि काही दिवस तो एकांतातही राहिला. प्रवासी परवान्यावर तो पोर्ट ब्लेअरला आला. मासेमारांना पंचवीस हजार रुपये देऊन रात्रीच्या अंधारात त्यांच्या होडीतून बेटाजवळ पोहोचला.

१५ नोव्हेंबरला तो लहान नावेतून किनाऱ्याशी गेला. सोबत मासे व इतर भेटवस्तू होत्या. आपले नाव जॉन, आपले तुमच्यावर प्रेम आहे आणि येशूचेही आहे, असे त्याने इंग्रजीत ओरडून सांगितले. त्या लोकांची भाषा बेटाबाहेर कोणालाही येत नाही. एका मुलाने मारलेला बाण त्याने छातीशी धरलेल्या पवित्र शास्त्रात रुतला. तो परतला, रात्री होडीत बसून दैनंदिनी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. १७ तारखेच्या सकाळी मासेमारांनी दुरून पाहिले, तेव्हा त्याचा देह वाळूत पुरला जात होता. त्याचा अखेरचा निरोप घरच्यांसाठी होता. आपण मारले गेलो तर त्या लोकांवर किंवा देवावर रागावू नये, अशी त्याची विनंती होती.

पडदा काळा झाला, तरी खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक तरुण म्हणाला, “फादर, आपल्या धर्मासाठी जीव देल्ला त्यानं. मग त्याले रक्तसाक्षी काहून म्हनू नये?” दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, “अन् त्या मासेमारांचं काय? ते तर गरीब. त्यायलेच पोलिसांनी धरलं ना?” आणि ते खरेच होते. त्याला नेणारे मासेमार अटकेत गेले होते. ह्या दोघांची खडाजंगी सुरू असता कोपऱ्यातून आजीबाई म्हणाल्या, “त्या पोराच्या बापाले कोनी इचारलं काय जी?”

आजीबाईंचा प्रश्न ऐकून आम्ही थक्क झालो. कारण अनुबोधपटाचे मर्म नेमके तेथेच आहे. त्या तरुणाचे वडील, पॅट्रिक चाऊ, चीनमधून अमेरिकेत आलेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी लिहिलेली पत्रे पटामध्ये वाचून दाखविली आहेत. मुलाच्या ह्या वाटेला त्यांचा विरोध होता. धर्माच्या टोकाच्या शिकवणुकीने आपला मुलगा नेला असे त्यांचे म्हणणे आहे. धर्मगुरू ह्या नात्याने ते शब्द ऐकणे आम्हांस सोपे गेले नाही. परंतु पुत्र गमावलेल्या पित्याच्या दुःखास प्रत्युत्तर देण्याचा अधिकार कोणास आहे? ते ऐकून घेणे एवढेच आपल्या हाती असते.

आता रक्तसाक्षित्वाविषयी. ख्रिस्तसभा हा शब्द फार जपून वापरते. मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलेले असावे, ही त्यातील एक मुख्य अट आहे. ज्यांस त्या तरुणाचा एक शब्दही कळला नाही, त्यांनी त्याच्या श्रद्धेचा द्वेष कसा करावा? त्यांनी आपल्या घराचे रक्षण केले. शिवाय प्राचीन काळापासून सभेने मरण शोधीत जाणाऱ्यांचे कौतुक केलेले नाही. स्मर्ना येथील महागुरू संत पॉलिकार्प ह्यांच्या मृत्यूचा जो जुना वृत्तांत आहे, त्यातही आपण होऊन पुढे धावणाऱ्या एका माणसाची गोष्ट इशाऱ्यादाखल सांगितली आहे. छळ समोर दिसताच त्याने श्रद्धा सोडली. जॉन चाऊ भित्रा नव्हता. तो शेवटपर्यंत प्रामाणिक राहिला. त्याच्या आत्म्यासाठी आम्ही मिस्साबली अर्पण करू, असे त्या तरुणास सांगितले. परंतु त्याचे अनुकरण करावे असे मात्र आम्ही कोणासही सांगणार नाही.

कारण ज्या दाराशी तो गेला ते दार आपोआप बंद झालेले नव्हते. १८८० साली इंग्रज अधिकारी पोर्टमन सशस्त्र माणसे घेऊन ह्या बेटावर उतरला. एक वृद्ध जोडपे आणि चार मुले त्याने पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळी आजारी पडली. ते जोडपे मेले, आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. त्या मुलांबरोबर कोणता रोग बेटावर गेला असेल ते देव जाणे. शेजारच्या बेटांची कथा याहूनही करुण आहे. १८५८ साली इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा मोठ्या अंदमानातील मूळ रहिवासी हजारोंनी मोजले जात. १८७७ च्या गोवराने त्यांत मोठा संहार केला, आणि १९६१ च्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी १९ भरली. उत्तर सेंटिनलच्या लोकांस हे आकडे ठाऊक नसतील. पण बाहेरून येणाऱ्या माणसाबरोबर काय येते, ते त्यांच्या आज्यांनी सांगून ठेवले असेल असे मानण्यास हरकत नाही.

आपल्या देशात ह्या बेटाकडे प्रथम कॅमेरा घेऊन गेलेल्यांत फिल्म्स डिव्हिजनचे प्रेम वैद्य होते. त्यांचा ‘मॅन इन सर्च ऑफ मॅन’ हा अंदमानच्या आदिवासींवरील अनुबोधपट १९७४ सालचा. त्या पथकाने किनाऱ्यावर नारळ, भांडी, एक बाहुली आणि एक डुक्कर ठेवले. उत्तरादाखल आलेला एक बाण दिग्दर्शकाच्या मांडीत लागला. बाहुली आणि डुक्कर त्या लोकांनी वाळूत पुरून टाकले. आम्हांस ह्या प्रसंगात एक विलक्षण स्पष्टपणा दिसतो. काय हवे आणि काय नको हे त्या लोकांनी शब्दांवाचून सांगितले होते. पुढे मानवशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे दुरूनच नारळ सोडीत राहिले. अखेर जानेवारी १९९१ मध्ये ते लोक नि:शस्त्र होऊन पाण्यात उतरले आणि त्यांनी नारळ घेतले. त्या पथकात मधुमाला चट्टोपाध्याय ही तरुण मानवशास्त्रज्ञ होती. बाहेरच्या जगाचा त्यांच्याशी मैत्रीचा संबंध आला तो एवढाच. आणि मैत्री झाल्यावरही सरकारने त्याच दशकात त्या भेटी थांबविल्या. कारण शेजारच्या जमातींचे काय झाले हे पाहणाऱ्यांनी पाहिले होते. १९५६ च्या नियमानुसार तेथे जाण्यास बंदी आहे, आणि किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत होडी नेता येत नाही. तरीही मार्च २०२५ मध्ये आणखी एक परदेशी तरुण तेथे उतरला आणि एक नारळ व शीतपेयाचा एक डबा वाळूवर ठेवून आला. त्याच्या मनात धर्म नव्हता, निव्वळ साहस होते. परंतु दार उघडण्याची वाट न पाहण्यात दोघेही सारखेच.

आमच्या तरुण मित्राचे समाधान अजून झाले नव्हते. तो म्हणाला, जगाच्या सीमेपर्यंत जाण्याची आज्ञा प्रभूने दिली आहे ना? आणि त्या लोकांनी प्रभूचे नावच ऐकले नाही तर त्यांच्या आत्म्यांचे काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि जॉन चाऊच्या धावपळीचे मूळही त्यातच आहे. हे बेट सैतानाचा अखेरचा गड तर नव्हे ना, असा विचार त्याने दैनंदिनीत लिहून ठेवला होता. आम्ही त्या तरुणास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण समजावून सांगितली. १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात परिषदेने स्पष्ट केले की, ज्यांस स्वतःचा दोष नसता ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सदसद्विवेकाच्या हाकेप्रमाणे देवाचा शोध घेतात, तेही तारणापासून दूर नाहीत. आणि १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात तिने सांगितले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. देव त्या बेटावर आपल्या नावेतून पोहोचण्याची वाट पाहत नाही. तो तेथे पहिल्यापासूनच आहे. ही गोष्ट मनात ठसली की पायांची घाई आपोआप कमी होते. शुभवर्तमानातही प्रभू शिष्यांना धाडतो तेव्हा, जे गाव स्वीकारणार नाही तेथून पायांची धूळ झटकून निघून यावयास सांगतो. म्हणजे नाकारण्याचा हक्क प्रभूने स्वतःच त्या गावाच्या हाती ठेवला आहे.

मग मिशनरी कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास लोधीखेड्याहून फार दूर जावे लागत नाही. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. ते आपल्या सभेचे नव्हते. १८४५ साली ते नागपुरास आले आणि गोंड मुलखात हिंडून त्यांची भाषा व गीते टिपून घेऊ लागले. १८६३ साली नदी ओलांडताना ते बुडून मरण पावले. त्यांच्या टिपणांतून १८६६ साली जे पुस्तक छापले गेले, त्यात गोंडांच्या लिंगो देवाची कथा आहे. दुसऱ्याच्या देवाची गोष्ट इतक्या आस्थेने ऐकून घेणारा माणूस सांगावयास अधीर असला तरी ऐकावयास तयार होता, हे उघड आहे.

त्याहून जवळचे उदाहरण शामराव हिवाळे ह्यांचे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील हा मराठी ख्रिस्ती तरुण १९३२ साली व्हेरियर एल्विन ह्यांच्याबरोबर तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया ह्या गोंडांच्या खेड्यात राहावयास गेला. कोणाचेही धर्मांतर करावयाचे नाही असे त्यांनी ठरविले होते. शाळा काढली, औषधे दिली, कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभारला. ह्या मार्गावर एल्विन पुढे ख्रिस्तसभेपासूनच दूर गेले. ती गोष्ट आम्हांस दुःखाची वाटते, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. एल्विन १९५४ साली ईशान्य सीमेकडे निघून गेले व मोठ्या कीर्तीस चढले. शामराव मात्र त्याच डोंगरांत राहिले. परधानांच्या जीवनावर त्यांनी १९४६ साली लिहिलेला ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात. पण मराठी ख्रिस्ती घरांत त्यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे? आपल्याच सभेचे, दैवी शब्द संघाचे फादर स्टीफन फुक्स ह्यांनीही मंडल्याच्या गोंड आणि भूमिया लोकांत हिंडून १९६० साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या माणसांचे मार्ग एक नव्हते. परंतु बोलण्यापूर्वी त्यांनी भाषा शिकून घेतली, हे सर्वांत समान.

ह्या विचाराचा कळस आम्हांस संत शार्ल द फुको ह्यांच्या जीवनात दिसतो. १५ मे २०२२ रोजी आपल्या देवसहायम् पिल्लै ह्यांच्यासमवेत ज्यांस संतपद मिळाले, त्यांपैकी ते एक. पूर्वी फ्रेंच सैन्यातील अधिकारी असलेला हा धर्मगुरू १९०५ साली सहारा वाळवंटात तामनरासेत येथे तुआरेग लोकांत जाऊन राहिला. त्याने त्यांच्या भाषेचा मोठा कोश तयार केला आणि त्यांची काव्ये उतरून घेतली. मोजण्यासारखे धर्मांतर एकही नाही. फ्रेंच राजवटीची सावली त्याच्यावर होती, हे खरेच. आणि १९१६ साली युद्धाच्या धामधुमीत तो मारला गेला. परंतु त्याच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. १९०८ साली दुष्काळात तो इतका आजारी पडला की उठताही येईना. तेव्हा स्वतः उपाशी असलेल्या त्या तुआरेगांनी कोसभर भटकून मिळेल तेवढे शेळीचे दूध आणून त्याचा जीव वाचविला. देण्यासाठी आलेल्या माणसाला घ्यावे लागले. त्या दिवसापासून तो त्यांचा पाहुणा झाला असावा, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. ज्या तरुणाने रक्तसाक्षित्वाचा प्रश्न काढला, त्याने शुश्रूषेचे शिक्षण नुकतेच पुरे केले आहे. चर्चा संपल्यावर तो आम्हांस एकीकडे नेऊन म्हणाला की, जेथे कोणी गेले नाही अशा ठिकाणी आपल्याला पाठवा. त्याची आई दाराआडून ऐकत होती. तिचा तो एकुलता एक. आम्ही त्यास म्हटले, “बाळा, जेथे कोणी गेले नाही अशी जागा शोधणे हा प्रवाशाचा छंद झाला. मिशनरी जातो तो जेथे कोणीतरी राहते तेथे. तू आधी पाताळकोट पाहा.”

पाताळकोट छिंदवाडा जिल्ह्यातच, तामियाच्या बाजूस आहे. सातपुड्याच्या पठारात सुमारे बाराशे फूट खोल गेलेली ती दरी; तिच्या तळाशी दुधी नदी आणि बारा गावे. भारिया आणि गोंड तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. पूर्वी झाडांच्या मुळ्या धरून उतरावे लागे. आता काही गावांपर्यंत रस्ते झाले आहेत. पाताळकोटच्या भारियांची गणना शासन विशेष दुर्बळ जमातींत करते. मध्यप्रदेशात अशा जमाती तीन: बैगा, भारिया आणि सहारिया. वनाधिकार कायद्याखाली त्यांस त्या दरीवर अधिवासाचे हक्कही मिळालेले आहेत. म्हणजे त्या दरीचे दार कोणासाठी व किती उघडावयाचे, ह्यात त्यांचा शब्द कायद्याने मानावयाचा आहे. ह्यांनी कोणावर बाण सोडलेले नाहीत. त्यांचे दार उघडे आहे, आणि म्हणूनच तेथे जो तो शिरतो. छायाचित्रे काढणारे येतात, जडीबुटी विचारणारे येतात, सहलीचे लोक येतात, सरकारी माणसे येतात. आणि संध्याकाळी सगळे वर चढून निघून जातात.

दिवाळीनंतर आम्ही त्या तरुणासह तेथे उतरलो. आमच्याजवळ वाटावयाचे काहीही नव्हते. मुद्दामच नेले नव्हते. एका भारिया आजोबांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी पाणी दिले आणि मग हिंदीत विचारले, “कितने दिन रहोगे?” आमचा मित्र गडबडला, संध्याकाळीच परत जावयाचे होते. आजोबा हसले. त्यांनी घरात सांगून कुटकीचा भात आणि भाजी आमच्यापुढे ठेवविली. घरात धान्य किती असेल ह्याचा अंदाज आम्हांस होता. तरीही आम्ही जेवलो. नाही म्हणणे हा तेथे अपमान झाला असता. चढून वर येताना तो तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, त्यायनं आपल्याले जेवाले घातलं अन् आपल्याले त्यायचं नावबी माहीत नाही.”

ह्या प्रांतात असे बोलणे नाजूक आहे, हे आम्ही जाणतो. १९५४ साली नेमलेल्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ मध्ये नागपुरास जो अहवाल दिला, त्यात आदिवासी भागांतील मिशनरी कार्यावर कडक ताशेरे आहेत. १९६८ साली मध्यप्रदेशाने धर्मांतराविषयी कायदा केला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि २०२१ साली त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. त्या अहवालातील सर्वच निष्कर्ष न्याय्य होते असे आम्हांस वाटत नाही, आणि कायद्याच्या नावाने निरपराध माणसांस त्रास झाल्याच्या कथाही आमच्या कानी येतात. परंतु आपल्यावरील संशय वादविवादाने फिटणार नाही. जो भारिया आजोबांच्या ओसरीवर वर्षानुवर्षे बसला, ज्याने त्यांच्या नातवाचा ताप उतरविला आणि मोबदल्यात काहीच मागितले नाही, त्याच्याविषयी गाव स्वतःच साक्ष देईल. आणि एखाद्या दिवशी त्या गावाने विचारले की, तू हे कशासाठी करतोस, तर त्याने प्रभूचे नाव सांगावे. विचारल्यावर सांगणे ह्यात लपविण्यासारखे काही नाही आणि लादण्यासारखेही काही नाही.

आमच्या तरुण मित्राने आता त्या बाजूच्या एका आरोग्यकेंद्रात काम मिळविण्याचा यत्न चालविला आहे. तो तेथे किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. थंडी, मलेरिया आणि एकटेपणा ह्यांपुढे पुष्कळांचा उत्साह ओसरतो. त्याच्या आईने आम्हांस विचारले, तो सुखरूप राहील ना? आम्ही तिला खोटा धीर दिला नाही. एवढेच सांगितले की, तो जाण्यापूर्वी तुला विचारून जाईल, आणि तू नाही म्हणालीस तर थांबेल. त्याने तसा शब्द दिला आहे. तिने अद्याप होकार दिलेला नाही. ती विचार करते आहे, आणि तो थांबला आहे.

वाचकहो, ऑक्टोबरातील मिशन रविवारी आपण मिशनकार्यासाठी वर्गणी देतो. ती अवश्य द्यावी. पण त्या दिवशी घरी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. ख्रिस्तसभेने मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून दोघांस निवडले आहे. एक संत फ्रान्सिस झेवियर. ते अर्धे जग हिंडले आणि त्यांचे शरीर आपल्या गोव्यात विसावले. दुसरी लिझ्यूची संत तेरेझा. पंधराव्या वर्षी ती मठात गेली, चोविसाव्या वर्षी तेथेच वारली. मठ सोडून कोणत्याही मिशनभूमीस गेली नाही. १९२७ साली सभेने तिला झेवियरच्या बरोबरीने बसविले. ज्या बेटाचे दार बंद आहे, त्या बेटासाठी तेरेझेचाच मार्ग उरतो: आपल्या जागी राहून त्या अनोळखी माणसांच्या सुखरूपतेसाठी देवाकडे मागणे, आणि त्यांना त्यांच्या वाळूवर निर्धास्त राहू देणे. जेथे दार उघडे आहे तेथे आपल्या मुलांनी जावे. पण जाताना घरच्यांना विचारून जावे, पोहोचल्यावर तेथल्यांना विचारून बसावे, आणि कोणी ताट पुढे केले तर आधी जेवावे. बाकीचे प्रभूच्या वेळेने होईल.